सत्ताविसाव्या पानावरची खूण

सोमवार, १२ जानेवारी १९८७

तेहेतीस वर्षं नऊ महिने बुटांच्या दुकानात उभी होते, आणि शनिवारी निवृत्त झाले. आजचा घरी बसण्याचा पहिला सोमवार. साडेनऊपर्यंत मी स्वयंपाकघरातली कपाटं दोनदा पुसली, बेथियाचे लोकरीचे गुंडे रंगाप्रमाणे लावले आणि तिच्या सपाता खिडकीखाली एका ओळीत मांडल्या. बेथिया माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती माझ्याकडे राहते की मी तिच्याकडे राहते, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

"इना," ती विणकाम खाली ठेवत म्हणाली, "तू अशीच घरात भिरभिरत राहिलीस तर महिन्याभरात आपल्यातली एक जण तुरुंगात जाईल. आणि ती मी असेन. ऊठ, वाचनालयात जा."

"मला कुठे वाचायची सवय आहे?"

"मला तरी कुठे तुझी सवय आहे दिवसभर?"

गेले. आमच्या बंदराचं वाचनालय चर्चच्या मागे आहे आणि मी त्यात आजवर फक्त पावसापासून आडोशाला शिरले होते. मिस लॉरिमरना मी पायांवरून ओळखते. चार नंबर, चिंचोळे, तपकिरी, नाडीचे, टाचा दोनदा बदललेल्या. अशी बाई कधी खोटं बोलत नाही. त्यांनी मला वरून खाली पाहिलं आणि काही न विचारता एक हिरवं कापडी पुस्तक काढून दिलं. हॅझेलडीनच्या रहस्यकथा, खंड पहिला.

"बारा खंड आहेत, मिस गौरली. प्रत्येकात सहा गोष्टी. क्रमानं वाचा. मधलाच एखादा उचललात तर मजा जाईल."

मी म्हटलं, क्रमाच्या बाबतीत माझी काळजी करू नका. ही वहीही आजच घेतली. माणूस काम करेनासा झाला की निदान नोंद तरी ठेवावी.

बुधवार, १४ जानेवारी

संपला. पहिला खंड दोन दिवसांत संपला. सूप लागलं, बेथिया ओरडली, तरी मी उठले नाही.

हॅझेलडीन हा पियानो जुळवणारा आहे. घरोघर जातो, झाकण उघडतो, तारा पिळत बसतो. घरातले लोक त्याला माणसात धरतच नाहीत. त्याच्यादेखत भांडतात, रडतात, पत्रं जाळतात. तो मान खाली घालून ऐकतो आणि शेवटी उठून खुन्याचं नाव सांगतो. तिसऱ्या गोष्टीत एका घरातल्या पियानोची एकच पट्टी मुकी असते, आणि ती का मुकी, एवढ्यावरून तो सगळं प्रकरण उलगडतो. माझ्या अंगावर शहारा आला.

कारण हे मला माहीत आहे. गुडघ्यावर बसून पायाचं माप घेणाऱ्या बाईलाही कोणी माणसात धरत नाही. माझ्यादेखत दोन साखरपुडे मोडलेले आहेत. एका बाईने तर मी तिच्या मुलीला बूट घालत असताना मृत्युपत्र बदलायचं ठरवलं. मी साठ वर्षांची आहे आणि मला आज कळलं की मी आयुष्यभर चुकीच्या धंद्यात होते.

सोमवार, १९ जानेवारी

दुसरा खंडही झाला. सहातले दोन खुनी मी हॅझेलडीनच्या आधी ओळखले. पोस्टमनच्या डाव्या बुटाची आतली कड झिजलेली पाहिली आणि त्याला विचारलं, "गुडघा दुखतो का रे?" तो चकित झाला. बेथिया म्हणाली, तो सगळ्या गावाला सांगत फिरतोय गुडघ्याचं. तिला माझं कौतुक बघवत नाही.

आणखी एक गंमत. दोन्ही खंडांत सत्ताविसाव्या पानाच्या आकड्याखाली पेन्सिलीची बारीकशी बरोबरची खूण आहे. दुसरं कोणी असतं तर बुचकळ्यात पडलं असतं. मी लगेच ओळखलं. दुकानात वर्षातून एकदा माल मोजायचो, तेव्हा मोजलेल्या खोक्याच्या कोपऱ्यात अशीच खूण करायचो. खूण आहे तर मोजलं, नाही तर राहिलं. वाचनालयातही तीच पद्धत दिसते. नीटनेटक्या बाईचं काम नीटनेटकंच असतं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

तिसरा झाला, चौथा झाला. चौथ्यात हॅझेलडीनचा घोडागाडीवाला मित्र मरतो. मी रडले. त्यावर बेथिया म्हणाली, "माझा नवरा गेला तेव्हा तू एवढी रडली नव्हतीस." मी म्हटलं, त्याला मी इतक्या जवळून ओळखत नव्हते.

काल पाचवा आणला. आधी सत्तावीस नंबरचं पान उघडून पाहिलं, ती आता सवयच झाली आहे. तिथे काहीच नाही. पुढे पाहिलं, मागे पाहिलं. पहिल्या चारांत खूण, पाचव्यात नाही. मोजताना राहिला बिचारा. दुकानात असं एक खोकं राहिलं की सबंध कपाट पुन्हा मोजावं लागायचं, मालक दिवसभर डाफरायचा. मिस लॉरिमरना सांगितलं असतं तर त्यांना ओशाळवाणं वाटलं असतं. मग मी माझी दुकानातली पेन्सिल काढली, चौथा खंड शेजारी ठेवला आणि हुबेहूब तशीच खूण पाचव्यात केली. तितकीच बारीक, तितकीच तिरकी. उपकार केले तरी ते सांगत सुटू नये, म्हणून फक्त इथे लिहिते.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

पाचवा परत केला. मग उगाच सहावा उघडून पाहिला, त्यातही खूण नव्हती. सातव्यात नाही, आठव्यात नाही. थेट बाराव्यापर्यंत नाही. म्हणजे चार खंड मोजून झाल्यावर मिस लॉरिमरना कोणीतरी हाक मारली असणार आणि पुढचं राहून गेलं. मी कपाटाकडे तोंड करून उभी राहिले आणि सातही खंडांत खुणा करून टाकल्या. पाच मिनिटं लागली. दुकान सोडल्यापासून इतकं समाधान वाटलं नव्हतं.

बारावा खंड तर नवाकोरा आहे. प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर एक कागद डकवलेला असतो, पुस्तक बाहेर गेलं की त्यावर परतीच्या तारखेचा शिक्का पडतो. बाराव्यातल्या कागदावर एकही शिक्का नाही. गावात कोणी तो अजून नेलेलाच नाही. मी पहिली नेणार. या विचाराने घरी येईपर्यंत मी जवळजवळ धावत होते.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

सहावा बदलायला गेले तेव्हा मिस लॉरिमर एक लाकडी पेटी भरत होत्या. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी दर मंगळवारी अशा पेट्या जातात. आज त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"काय झालं?"

"एक गृहस्थ आहेत. मोठे वाचणारे. गेल्या खेपेला त्यांच्यासाठी पुस्तक काढायला गेले तर ते त्यांचं वाचून झालेलं. म्हणून दुसरंच काहीतरी पाठवलं. आता त्यांची चिठ्ठी आली आहे की मी ते वाचलेलं नाही, तेच पाठवा." त्यांनी आवाज खाली आणला. "पण त्यांनी वाचलंय, मिस गौरली. मला ते नक्की कळतं."

"विसरले असतील."

"तेच तर. हा माणूस कधी काही विसरत नसे."

मी म्हटलं, वय आहे. मग सातवा घेतला आणि निघाले. सातव्याच्या पहिल्याच गोष्टीत पियानोत दात सापडतो.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

तो गृहस्थ कोण ते कळलं. बेथिया मासळीवालीकडून सगळं घेऊन आली, त्यासोबत दोन धुरी दिलेले हॅडक मासेही. आपला स्वँकी तांडेल. एक्याऐंशी वर्षांचा, चाळीस वर्षं होडी हाकली. गेल्या ऑगस्टात कंबरेचं हाड मोडलं तेव्हापासून बंदरावरच्या त्या घरात एकटा, खिडकीशी. त्याच्या पायांचं माप मला तोंडपाठ आहे. नऊ नंबर, डावा रुंद.

"डोकं गेलं म्हणतात," बेथिया म्हणाली. "वाचलेलं पुस्तक वाचलंच नाही म्हणून भांडतो. परवा शेवटी त्याला हवं ते पुस्तक पाठवलं, तर पुस्तकात त्याच्या स्वतःच्या हातची खूण. पुतणीने दाखवली. तेव्हापासून गप्प झालाय. डॉक्टर येऊन गेले. पुतणी त्याला डंडीला वृद्धाश्रमात ठेवणार आहे, चौदा मार्चला."

"वाचनालयाच्या पुस्तकात खूण? स्वँकीसारख्या माणसाने?"

बेथियाने घाईघाईने टाके मोजायला घेतले.

मला फार वाईट वाटलं. तांडेल म्हणजे बंदरावरचा सगळ्यात टापटिपीचा माणूस. ज्याचं दोरखंडसुद्धा वेटोळं घालून ठेवलेलं असायचं तो सरकारी पुस्तकात रेघोट्या मारतो, म्हणजे काम हाताबाहेर गेलेलं आहे. देवा, मला असं काही होऊ देऊ नको.

मंगळवार, ३ मार्च

बेथियाने केक भाजले आणि म्हणाली, तांडेलाला चार देऊन ये, तुला नाहीतरी चौकशा करायला आवडतात. गेले. सातवा खंड संपला होता, तो परत करायला बरोबरच होता.

तांडेल खिडकीशी बसला होता. पाय घडीच्या टेबलावर, मोजे नीट ओढलेले. पुतणी रोना कपडे बांधत होती; भांडणाचं ते पुस्तक म्हणजे हॅझेलडीनचा पाचवा खंड, हे तिच्याकडूनच कळलं. मी त्याला हसवावं म्हणून हिरवं पुस्तक पुढे केलं. "तांडेल, तुम्हीही हॅझेलडीनचे चाहते म्हणे."

त्याने पुस्तकाकडे पाहिलंच नाही. "ते मी वाचलंय म्हणतात."

आता हॅझेलडीन जसं करतो तसं मी केलं. सहज, बोलता बोलता. "पाचव्यातली ती आंधळ्या सासूची गोष्ट आठवते? काय, कोण निघतो हो खुनी?"

तो समुद्राकडे वळला. मग म्हणाला, "माहीत नाही, मुली. सासू आहे हेच माहीत नाही."

रोनाने माझ्याकडे पाहिलं, मी रोनाकडे. दारापर्यंत सोडायला आल्यावर तिने माझा हात धरला. "बरं केलंत विचारलंत. मला अजून वाटत होतं की आपलंच काही चुकत असेल."

घरी येताना डोळे भरून आले. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही, प्रश्न मी फार कौशल्याने विचारला.

शुक्रवार, ६ मार्च

आठवा खंड. सहाच्या सहा खुनी ओळखले. सहा! सहाव्यात तर हॅझेलडीन अजून कोट काढत होता तेव्हाच मी सांगितलं होतं की खून मोलकरणीने केलेला नाही, आवराआवर करणाऱ्या त्या भल्या मावशीने केलाय. नेहमी सगळं जागेवर ठेवणारा माणूस असतो, त्याच्यावर कोणाचा संशय जात नाही. मी बेथियाला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग मी आजपासून तुझ्या हातचा चहा पिणार नाही."

सोमवार, ९ मार्च

आजचं अक्षर वाईट येईल.

वाचनालयाच्या दारावर सूचना लावलेली होती, पुढच्या आठवड्यात पुस्तकांच्या मोजणीसाठी तीन दिवस बंद. मी आत गेले आणि एकदम खुशीत मिस लॉरिमरना म्हटलं, "हिरव्या खंडांचं तुम्हाला काही करायला नको. मी केव्हाच्या खुणा करून ठेवल्यात."

"कसल्या खुणा?"

"मोजणीच्या. सत्ताविसाव्या पानावर. तुमच्या चौथ्यापर्यंतच होत्या, मी पाचव्यापासून बाराव्यापर्यंत पुऱ्या केल्या. अगदी तुमच्यासारख्या."

त्यांच्या हातातला शिक्का टेबलावर पडला. त्या हळूहळू खाली बसल्या.

"आम्ही पुस्तकांत खुणा करत नाही, मिस गौरली. मोजणीला पत्रकं असतात."

"मग त्या कोणाच्या?"

"तांडेलांच्या. त्यांच्या होडीचा नंबर सत्तावीस होता. वाचून झालं की ते तिथे खूण करतात, म्हणजे पुन्हा तेच घरी येत नाही. आणि पेटी भरताना मी ते पान बघते. खूण असली की ते पुस्तक त्यांना पाठवत नाही."

मी उभीच राहिले. दुकानात मोठं कपाट अंगावर आलं होतं तेव्हाही असंच झालं होतं, आधी आवाज येत नाही.

त्या पुढे म्हणाल्या, अर्ध्या गावाच्या खुणा आहेत. प्रत्येकाचं पान वेगळं, प्रत्येकाची खूण वेगळी. सगळ्या वाचणाऱ्यांना माहीत असतं. कोणी बोलत नाही, कारण नियमाने ते चालत नाही, आणि त्यांच्याही डोळ्यांना ते दिसत नाही असं त्या दाखवतात. "तुम्ही कधी वाचत नव्हतात, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी ते रागावून म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आले आणि बेथियाला सांगितलं. तिने विणकाम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "माझी एकोणिसाव्या पानावर असते. छोटं वर्तुळ." आणि मग, "इना, त्या माणसाला तू वेडा ठरवलंस."

हो. मी ठरवलं. जाऊन, केक देऊन, कौशल्याने प्रश्न विचारून ठरवलं.

मंगळवार, १० मार्च

काल तशीच बंदराकडे गेले होते, दार बंद. रोना त्याला घेऊन डंडीला खोली पाहायला गेली आहे, बुधवारी येणार. मी काही खाल्लं नाही. बेथियाने बळेच लापशी पुढे ठेवली आणि म्हणाली, उपाशी राहून त्याचं काय भलं होणार आहे, कबुली द्यायला अंगात त्राण लागतं.

मिस लॉरिमर म्हणाल्या, गुरुवारी दुपारी वाचनालय अर्धा दिवस असतं, मी बरोबर येते. माझ्या मनात सारखं एकच येतं. एखाद्याने पुस्तक वाचलंय हे दाखवता येतं. वाचलेलं नाही, हे कसं दाखवायचं? यावर हॅझेलडीनची गोष्ट नाही.

गुरुवार, १२ मार्च

सगळं लिहून ठेवते, क्रमाने.

दोन वाजता गेलो. मिस लॉरिमरकडे पिशवीत पाचवा ते आठवा, माझ्याकडे नववा ते बारावा. रोनाने दार उघडलं. दारामागे बांधलेली पेटी उभी होती, पट्टा आवळलेला. तांडेल खिडकीशीच होता, पण बाहेर जायचा कोट घालून. निघायला दोन दिवस होते आणि माणूस कोट घालून बसला होता.

मी बसलेच नाही. उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. दुकान, खोकी, मोजणी, पेन्सिल. मधे श्वासही घेतला नसेल. रोनाने आधी तोंडावर हात ठेवला, मग मिस लॉरिमरकडे पाहिलं. "खरं आहे हे?"

"मिस गौरली खोटं बोलणार नाहीत. पण कुठली खूण कोणाची, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मला त्या सारख्याच दिसतात."

"काका, ऐकलंत ना?"

तांडेलाने मान हलवली. "ऐकलं. भली बाई आहे. माझी अब्रू वाचवायला आलीय."

"नाही हो, तांडेल," मी म्हटलं. "मी मुळीच भली नाही. मीच केलं."

"पोरी, माझी खूण मला ओळखू येत नाही का? माझ्याच हातची आहे ती. मी पाहिली." तो शांतपणे बोलत होता, आणि तेच मला सहन होईना. "रोनाला माझी काळजी वाटते, डॉक्टर शिकलेला माणूस आहे. उगाच घोळ नको. शनिवारी जातो मी."

तेव्हा मला उमगलं की रोनाला पटवून उपयोग नाही, डॉक्टरला पटवून उपयोग नाही. ज्याला पटायला हवं तोच पलीकडे जाऊन बसलाय. मला हॅझेलडीनसारखं उठून नाव सांगायचं होतं, आणि नाव सांगूनही झालं होतं, माझंच, आणि कोणी धरायला तयार नव्हतं. मी एकेक हिरवं पुस्तक त्याच्या घडीच्या टेबलावर ठेवत गेले, सत्ताविसावं पान उघडून. "ही मी केली. ही मी केली. ही पण मी."

तो केवळ सभ्यपणा म्हणून बघत होता. "माझी. माझीच. ही पण माझी." अकरावा झाला. बारावा पुढे केला तेव्हा पुठ्ठा करकरला.

त्याने मान वर केली. नव्या पुस्तकाचा आवाज होता तो. त्याने पुस्तक हातात घेतलं, खूण पाहिली, मग अंगठ्याने पानं मागे सारत पहिल्या पानावर आला. तारखांच्या कागदावर. तिथे थांबला. मी दुकानात हजारदा पाहिलं आहे, बूट पायात बसला की माणसाचा चेहरा कसा होतो ते.

"लॉरिमरबाई, हे पुस्तक बाहेर कधी गेलं होतं?"

मिस लॉरिमर वाकल्या. "हे? कधीच नाही. जुनी प्रत भिजली म्हणून नोव्हेंबरात नवी मागवली. अजून कोणी नेलेलं नाही."

"नोव्हेंबरात." त्याने मान पुतणीकडे वळवली. "रोना, मी या घराबाहेर शेवटचा कधी पडलो?"

"ऑगस्टात. इस्पितळातून आणलं तेव्हा. त्यानंतर परवा, डंडीला."

"वाचनालयात?"

"कसे जाल काका? पायरी उतरवत नाही तुम्हाला."

"मग नोव्हेंबरात आलेल्या, कधी बाहेर न पडलेल्या पुस्तकात मी ऑगस्टापासून या खुर्चीत बसून खूण केली." तो एकेक शब्द टेबलावर ठेवत होता. "माझा हात लांब आहे, पण चर्चपर्यंत पोचत नाही. ही खूण माझी नाही. आणि ही माझ्यासारखी दिसते आणि माझी नाही, तर बाकीच्या सातांची तरी काय हमी?"

मी इतके खंड वाचले, तो कागद स्वतः पाहिला, त्यावर या वहीत लिहिलंही, आणि मला दिसलं नव्हतं. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाने ते मिनिटभरात काढलं. मी मोठ्याने हसले. मग एकदम रडू आलं. रोनाही रडत होती. तिने कोणाला न विचारता पेटीचा पट्टा सोडला.

तांडेल मात्र हसला नाही. त्याने कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा सोळा वर्षांची झाले.

"तू," तो म्हणाला. "तुझं नाव काय म्हणालीस?"

"इना गौरली."

"इना गौरली, तू पुन्हा कुठल्या पुस्तकाला पेन्सिल लावलीस तर मी या पायांनी चालत येऊन तुला धक्क्यावरून खाली ढकलीन."

"हो, तांडेल."

मिस लॉरिमरनी पिशवीतून खोडरबर काढून माझ्या हातात दिलं. त्या येतानाच घेऊन आल्या होत्या. आठही खुणा मी तिथेच बसून पुसल्या. आणि शिक्षा म्हणून चार आठवडे मला वाचनालयातून पुस्तक मिळणार नाही, म्हणजे नववा खंड एप्रिलात. हा तांडेल आता मला गाठणार. गाठू दे.

मिस लॉरिमर गेल्या. रोना डॉक्टरला फोन करायला शेजारी गेली. मी कोट घालत होते तेव्हा तो म्हणाला, "बस जरा."

बसले.

"ते पाचवं पुस्तक त्यांनी पाठवलं ना, तेव्हा मी खूण पाहिली," तो म्हणाला. "म्हटलं, वाचून बघू, काहीतरी ओळखीचं निघेल. पहिलं पान वाचलं. काही आठवेना. दुसरं वाचलं. एक वाक्य ओळखीचं नाही. मग मी ते मिटलं. त्यानंतर पंधरा दिवस मी माझ्या होडीवरच्या माणसांची नावं रोज सकाळी म्हणून बघत होतो, एक तरी सुटतंय का म्हणून."

मी म्हटलं, "मला माफ करा."

त्याने चष्मा शर्टाला पुसला, पाचवा खंड जवळ ओढला आणि पहिल्या गोष्टीपासून सुरुवात केली. मोठ्याने नाही, पण ओठ हलत होते. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. तिसऱ्यावर त्याने बोट ठेवलं आणि माझ्याकडे वर पाहिलं. चेहरा असा उजळला होता की तो मी कधीच विसरणार नाही.

"इना," तो म्हणाला, "यातलं मला काहीच आठवत नाही."